थेंब घातले असते

डोळे तपासणाऱ्या बाईच्या घरात एका म्हाताऱ्याचा डोळा गेला. डावा. सगळा नाही गेला, पण जो उरला त्याला डोळा म्हणणं म्हणजे गचके खात चालणाऱ्या गाडीला वाहन म्हणण्यासारखं आहे. दिव्याखाली अंधार, असं कुणाच्या ओठांवर आलं असेल तर गिळून टाका. इथे दिवा थेट म्हाताऱ्याच्या बुबुळावर धरलेला होता. घरची तिन्ही माणसं समोरासमोर बसली होती. आपल्याला काय होतंय ते म्हाताऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. आणि सांगितल्याबद्दल त्याला शाबासकीही मिळाली होती.

ती बाई ऑप्टोमेट्रिस्ट. म्हणजे डॉक्टर नव्हे आणि चष्मे विकणारीही नव्हे. रीतसर पदवी घेऊन डोळे तपासणारी. पण लोकांना अधलंमधलं काही कळत नाही, म्हणून लोक तिला दुकानातल्या मॅडम म्हणत. दुकानाचा मालक मात्र तिला मागे थेंबवाली म्हणे. कारण असं, की जाड भिंगाचा कुणी माणूस नुसता नंबर काढून घ्यायला आला, तरी ही त्याच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घाली आणि बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसवी. बाहुली पसरली की आतला पडदा कडेपर्यंत दिसतो. जाड मायनस नंबरवाल्यांचा पडदा ताणलेला असतो, कधी फाटेल त्याचा नेम नाही, आणि वेळेत सापडला तर वाचतो. त्यामुळे बाक कायम भरलेला, आणि बाकावरची सगळी माणसं डोळे मिटलेली.

"हे दुकान आहे की ध्यानमंदिर?" मालक आत घुसून विचारी. दार वाजवायची पद्धत त्याच्याकडे नव्हती. "डोळे मिटलेलं गिऱ्हाईक फ्रेम कशी बघणार, मॅडम?"

"उघडल्यावर बघेल. पडदा सुटला तर कधीच बघणार नाही. मग तुमच्या फ्रेमा तुम्हीच घाला."

मालक पुटपुटत बाहेर जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अशा बाईला परदेशात जायचं होतं. कशासाठी, तर तिकडे तिच्या कामाच्या माणसाला स्वतंत्र खोली असते, दारावर नाव असतं, आणि मालकसुद्धा दार वाजवून आत येतो, असं तिने ऐकलं होतं. एवढ्याशासाठी माणूस देश सोडतो. हसू नका. ज्यांच्या दारावर नाव लागलेलं आहे त्यांनाच याचं हसू येतं.

तिकडे एक मंडळ आहे. बाहेरून येणाऱ्याला खरंच डोळे तपासता येतात का, हे ते मंडळ ठरवतं. आधी त्यांनी तिची पदवी मागितली, मग पदवी दिलेल्या कॉलेजाची पदवी मागितली म्हणा ना. मग इंग्रजीची परीक्षा. तिथे तिला प्राणिसंग्रहालयं असावीत की नसावीत यावर निबंध लिहायचा होता. असू नयेत, असं तिने लिहिलं. वाघाच्या नजरेबद्दल चार वाक्यं घातली. मंडळाला पटलं. शिवाय वयाचे गुण, वय वाढेल तसे कमी होणारे. चाळिशी लागली की माणसाला जवळचं दिसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मंडळाला चाळिशी लागलेला माणूसच दिसत नाही. तिची चाळिशी उंबऱ्यावर येऊन उभी होती.

उरली ती प्रत्यक्ष काम दाखवायची परीक्षा. ती तिकडे जाऊन द्यायची. त्या परीक्षेत ती आधीच नापास झाली होती आणि आता एकच संधी शिल्लक होती. ही गेली की विषय संपला.

घरात नवरा होता. त्याला आपण चिरंजीव म्हणू, कारण त्याचे वडील त्याला तसंच म्हणत आणि त्यांच्या आवाजात कौतुक नसे. अर्जात नवऱ्याचा रकाना 'अवलंबून असलेली व्यक्ती' असा होता. चिरंजीवांनी तो शब्द इतका मनावर घेतला, की बायको पास व्हायच्या आधीच नोकरी सोडून दिली.

चिरंजीवांनीच तिला क्लास लावून दिला. क्लासचा सर फोनच्या पडद्यावर दिसे. तो स्वतः ही परीक्षा देऊन देऊन थकला होता आणि मग इतरांना पास करायला लागला होता. पोहता न येणारा माणूस काठावर उभा राहून फार सुंदर ओरडतो.

"मॅडम, तुमचा प्रॉब्लेम सांगू? तुमचे हात फार चालतात," सर म्हणाला. "हात बांधून ठेवा, तोंड चालवा. तिकडे खोलीत खोटा पेशंट असतो. पाठ केलेला आजार सांगतो. त्याच्या डोळ्यात थेंब घालायचे नसतात. तुम्ही मागच्या वेळी बाटली शोधत बसलात आणि घंटा झाली. 'मी आता थेंब घालून आतला पडदा तपासला असता,' एवढं म्हणायचं. म्हटलं की गुण. पुढच्या खोलीत चला."

"आणि बघायचं कधी?"

"काय बघायचं?"

"पडदा."

"मॅडम," सर दमून म्हणाला, "तुम्हाला पास व्हायचंय की पडदा बघायचाय?"

तिला पास व्हायचं होतं.

आता तालमीला पेशंट हवा. तो घरातच होता, आणि फुकट होता. सासरे. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांनी जन्मभर लोकांच्या घरी जाऊन विजेच्या मीटरचे आकडे वाचले होते. अंधाऱ्या जिन्याखाली वाकून, माणसापेक्षा उंच टांगलेल्या पेट्यांकडे मान मोडून. त्यांच्या चष्म्याची काच बाटलीच्या बुडासारखी. या घरात कुणाचा पडदा फाटायचाच असेल तर तो त्यांचा, हे थेंबवालीला झोपेतही सांगता आलं असतं. दर काही महिन्यांनी ती त्यांना दुकानात नेऊन थेंब घालायची. परीक्षेच्या गडबडीत तेवढं राहून गेलं. कारण घरातच तर रोज तपासणी चालली होती.

तालीम दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, जेवणं उरकल्यावर, बाहेरच्या खोलीत. खुर्चीत आबा. समोर स्टुलावर सूनबाई. पलंगावर चिरंजीव, हातात गुणांचा कागद. घंटा म्हणून पेल्यावर चमचा वाजवायचा. आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण क्लासच्या सराने पाठवलेले सगळे आजार त्यांनी घोकले होते. कोरडा डोळा, लाल डोळा, साखरेचा डोळा. डोळा चोळणं, कण्हणं, सगळं जागच्या जागी. म्हाताऱ्याला मजा यायची. सून तासभर समोर बसून त्याच्याकडे निरखून बघते आहे, हे सुख कुठल्या सासऱ्याच्या नशिबात असतं?

"चिरंजीव, तुम्ही गेल्यावर मी हे आजार कुणाला सांगू?" एकदा ते म्हणाले.

"तुम्हाला मागून बोलावून घेणारच आहोत ना, आबा."

"मागून," आबा म्हणाले. आयुष्यभर आकडे वाचलेला माणूस. मुलाचं मीटर फिरतंय की बंद पडलंय, हे त्यांना लांबून कळे. तरी ते तालमीला बसत. स्वतःच्या एकटेपणाची तालीम इतकी हौसेने करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

एकदा ते एक वाक्य विसरले, तेव्हा चिरंजीव कागद आपटून म्हणाले होते, "तुम्ही मुद्दाम करता. आम्ही जायला नकोय ना तुम्हाला?" तेव्हापासून आबा एक शब्द इकडचा तिकडे होऊ देत नव्हते. हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

मग एका सुट्टीच्या दिवशी आजार होता पडदा सुटण्याचा. कागदात असं होतं: आधी डोळ्यात विजा चमकतात, मग काळे ठिपके तरंगतात, मग बाजूने सावली सरकत येते.

चमचा वाजला. सूनबाईंनी इंग्रजीत हसून विचारलं, आज कशासाठी आलात?

आबांनी इंग्रजीत थेट सावलीचं वाक्य म्हटलं.

"आबा, आधी विजा," सूनबाई मराठीत म्हणाल्या.

"विजा कालच होऊन गेल्या. आज सावलीच आहे."

"कागदात आधी विजा आहेत."

"बरं. विजा." आबांनी विजांचं वाक्य म्हटलं, ठिपक्यांचं म्हटलं, आणि सावलीपाशी येऊन पुन्हा अडले. "सूनबाई, ती बाजूने नाही येत गं. खालून चढतेय."

"इंग्रजीत बोला, आबा," पलंगावरून चिरंजीव.

खालून याला इंग्रजीत काय म्हणतात, ते आबांना माहीत नव्हतं. त्यांना बाजूनेच पाठ होतं. म्हणून ते म्हणाले, बाजूने.

सूनबाईंनी त्यांचा उजवा डोळा झाकला. डाव्यासमोर बोटं धरली. बाजूला. "किती?"

"दोन."

"बाजूची दिसत नाहीत असं म्हणायचंय तुम्हाला. आणि खालची?"

"खाली धरलीत का?"

"आबा, उलटं करताय. खालची दिसतात, बाजूची दिसत नाहीत."

आबांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने कागदाकडे. "बरं," आबा म्हणाले. "खाली तीन असतील."

"शाब्बास."

मग तिने आवाज मऊ केला, त्यांच्या गुडघ्यापाशी झुकली, आणि इतकं गोड इंग्रजी बोलली, की क्लासच्या सराचा ऊर भरून आला असता. मी आता थेंब घालून आतला पडदा तपासला असता. हे गंभीर असू शकतं. तुम्हाला आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जावं लागेल. घरून कुणाला बोलावून घेऊ का?

"पैकीच्या पैकी," चिरंजीव म्हणाले, आणि चमचा वाजवला.

थेंबांची बाटली तिच्या पर्समध्ये होती. पर्स दाराच्या खुंटीला. एका बाईने आयुष्यभर न बोलता जे केलं, ते त्या दिवशी तिने न करता बोलून दाखवलं. आणि म्हाताऱ्याला त्याच्या खऱ्या आजारावरचा खरा सल्ला अस्खलित मिळाला. तो त्याने मान हलवून ऐकला, आणि पुढचा आजार कोणता म्हणून विचारलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दुकानातून परत आली, तर जिन्यात आबा. एका हाताने कठडा धरलेला, आणि एक पाय पुढे करून हवेत चाचपतायत. पाण्याची खोली बघावी तसे.

ती खालीच थांबली. "आज कुठला आजार, आबा?" हसून म्हणाली.

"आजार नाही गं. पायरी शोधतोय."

तिचं हसू तिथेच राहिलं. वर जाऊन तिने त्यांना पायरीवर बसवलं, पर्स बाजूला टाकली आणि तळहाताने त्यांचा उजवा डोळा झाकला.

"माझं नाक दिसतं?"

"अर्धंमुर्धं. वरचं."

"हनुवटी?"

"नाही."

"कधीपासून?"

"तुला सांगितलं ना. सुट्टीच्या दिवशी."

तिने पर्समधून बाटली काढली, तिथेच, जिन्यात, त्यांची मान मागे केली आणि थेंब घातले. मग रिक्षा. मग दुकानातला बाक. आबा डोळे मिटून बसले. मालक काही बोलायला पुढे आला, तिचा चेहरा बघितला आणि फ्रेमा पुसायला लागला. बाहुली पसरल्यावर तिने आत पाहिलं. वरचा पडदा ओल्या भिंतीच्या पोपड्यासारखा सुटून खाली लोंबत होता. डोळ्यात चित्र उलटं पडतं, त्यामुळे वरचा पडदा सुटला की सावली खालून चढते. ऐन मधोमध, जिथे अक्षरं वाचतो, तिथपर्यंत आला होता.

मोठ्या दवाखान्यातले पडद्याचे डॉक्टर तिला ओळखत. तिने पाठवलेले पेशंट नेहमी वेळेत यायचे.

"खालून सावली होती, आणि इतके दिवस?" डॉक्टर म्हणाले. "मधला भाग अजून चिकटलेला असताना आला असता तर गोष्ट वेगळी होती. आजोबा, घरात कुणाला सांगितलं नाही का?"

"सांगितलं की," आबा म्हणाले. "रीतसर सांगितलं. पैकीच्या पैकी मिळाले."

डॉक्टरांना काही कळलं नाही. थेंबवालीला कळलं. ती खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत राहिली.

ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला होता आणि त्याच्या दाबाने पडदा जागेवर बसावा म्हणून आबांना काही दिवस पालथं झोपायचं होतं. उशीला मधे भोक, त्यातून तोंड जमिनीकडे. परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात. चिरंजीवांनी फोन करून सराला सगळं सांगितलं. आपला सर मोठा माणूस. फोन तिच्या हातात आला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, वाईट झालं. पण एक बघा, आता तुमच्या चेहऱ्यावरचे भाव नॅचरल येतील."

तिने फोन चिरंजीवांच्या हातात दिला. "मी जाणार नाही."

"वेड लागलंय का तुला? शेवटची संधी आहे. आणि मी आहे ना आबांकडे बघायला."

"तू होतासच की," ती म्हणाली. "कागद घेऊन."

पलंगावरून, जमिनीच्या दिशेने, आवाज आला.

"सूनबाई. इकडे ये. माझ्या समोर ये म्हणजे खाली ये."

ती पलंगाशेजारी फरशीवर बसली. वर बघितलं. उशीच्या भोकातून आबांचं तोंड.

"तू जा."

"आबा, मला समजायला हवं होतं. मी तुम्हालाच दुरुस्त करत बसले."

"ते झालं. मलाही ओरडता आलं असतं. म्हटलं, तुझ्या नवऱ्याला वाटेल म्हातारा मुद्दाम करतोय." त्यांनी श्वास घेतला. पालथ्या माणसाला बोलायला त्रास होतो. "जा आणि पास हो. नापास झालीस तर माझा डोळा फुकटच गेला. आणि फुकट गेलेली वस्तू मला आवडत नाही, मी मीटरखात्यातला माणूस आहे."

ती गेली.

परीक्षेच्या इमारतीत लांब बोळ आणि एकीला एक लागून खोल्या. पाचव्या की सहाव्या खोलीत एक म्हातारा बसला होता. परदेशी, गुलाबी, आणि डोळे ठणठणीत. तो त्याचा रोजचा धंदा. त्याने विजा सांगितल्या, ठिपके सांगितले, सावली बाजूने येते म्हणून सांगितलं. एक शब्द चुकला नाही. कोपऱ्यात परीक्षक कागद घेऊन.

तिने त्याचा एक डोळा झाकला. बोटं धरली. बाजूला. मग, कुणी विचारलं नसताना, खाली धरली. मग वर. पुन्हा खाली.

"खाली नक्की दिसतंय?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याने परीक्षकाकडे पाहिलं. त्याच्या कागदात हा प्रश्न नव्हता. "दिसतंय," तो म्हणाला.

खोलीत टेबल होतं, दिवा होता, हात धुवायचं बेसिन होतं. डोळ्यांची परीक्षा घेणाऱ्या त्या अख्ख्या इमारतीत थेंबांची एक बाटली नव्हती. तुम्हाला वाटेल, आता ही बाई काहीतरी सुनावणार. टेबलावर हात आपटणार, बाटली मागणार. तसल्या बायका गोष्टीत असतात. हिच्या घरी एक म्हातारा पालथा पडला होता आणि त्याने पास हो म्हणून सांगितलं होतं. ती म्हाताऱ्याच्या गुडघ्यापाशी झुकली. म्हणाली, "मी आता थेंब घातले असते." म्हणताना तिचा आवाज फुटला. परीक्षकाने मान वर केली, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. घंटा झाली.

पास. वर शेरा: रुग्णाविषयीची आस्था स्वाभाविक वाटते.

चिरंजीवांनी तो शेरा मोठ्याने वाचून दाखवला. आबा तेव्हा उताणे झोपू लागले होते. त्यांच्या डाव्या डोळ्याला आता दाराची चौकट मधोमध वाकलेली दिसायची आणि माणसाचं तोंड पिळलेल्या फडक्यासारखं.

"थेंब घातलेस का?" त्यांनी विचारलं.

"नाही. म्हटलं, घातले असते."

"आणि पास?"

"पास."

"मग हुशार आहेत लोक," आबा म्हणाले. "जायला हरकत नाही."

पण जाणं एवढं सोपं नसतं. सगळे कागद एकत्र करून मंडळाकडे पाठवले, तर मंडळाचं उत्तर आलं, की इंग्रजीच्या परीक्षेची मुदत उलटली आहे. या मधल्या काळात बाई इंग्रजी विसरल्या असतील. तेव्हा निबंध पुन्हा. प्राणिसंग्रहालयांबद्दल त्यांचं मत अजून तेच आहे का, ते मंडळाला एकदा पाहायचं होतं. चिरंजीवांनी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती दुकानात होती.

"नंतर बोलू," ती म्हणाली. "बाक भरलाय."

बाकाच्या टोकाला आबा बसले होते, डोळे मिटून. आज उजव्याची पाळी. एकाचा पडदा गेला की दुसऱ्याचाही भरवसा नसतो. एकदा ती परदेशी गेली, की या उजव्या डोळ्यात थेंब कोण घालणार, हा प्रश्न घरात कुणीच अजून विचारला नव्हता. आबांनी तर नाहीच. तिने त्यांना हाताला धरून आत आणलं, यंत्रावर हनुवटी टेकवली, दिवा विझवला.

सवयीने आबांनी सुरुवात केली. "गुड आफ्टरनून, डॉक्टर. सिन्स मॉर्निंग—"

"आबा, बोलू नका."

"कागदात—"

"कागद नाही. काही नाही. नुसते बघा. वर."

आबांनी वर पाहिलं. उजवीकडे. डावीकडे. आत नारिंगी उजेडात पडदा दिसत होता, कडेला एका जागी जरा पातळ. तिने भिंग तिरकं केलं. पुन्हा त्याच जागी आली. तिचा श्वास आबांच्या कपाळावर लागत होता.

दारावर टकटक झाली. मालक. "मॅडम, बाहेर जागा नाही बसायला."

"थांबा," ती म्हणाली.

मालक बाहेर थांबला.

"खाली बघा, आबा. अजून खाली."